फेसवॉश बदलत राहिलात, तरी मुरूम आणि ओढलेला चेहरा तसाच? या क्रमाने तपासा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये मी सोळा वर्षं फार्मासिस्ट म्हणून काउंटरला उभी आहे. रोज दोघं-तिघं तरी म्हणतात, "ताई, मुरुमांसाठी एखादा स्ट्राँग फेसवॉश द्या ना." विचारलं की कळतं, घरी बाथरूममध्ये तीन-चार अर्धवट ट्यूब आधीच पडून आहेत. सुरुवातीची एक-दोन वर्षं मीही मागतील ते काढून देत असे. तीच मुलगी महिन्याने परत यायची आणि चेहरा आणखी लाल झालेला असायचा. तेव्हापासून ट्यूब काढण्याआधी मी प्रश्न विचारते, आणि पुष्कळदा काही न विकताच काम होतं. तेच प्रश्न इथे लिहिते आहे. आधी फुकटचे, मग थोड्या खर्चाचे, शेवटी डॉक्टरांकडे नेणारे. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. जिथे थांबा म्हणेन, तिथे खरंच थांबा.

लक्षणं: यातलं तुमचं कोणतं?

- तोंड धुतल्यावर दहा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा होतो, हसताना गाल ताणतात. पण दुपारपर्यंत नाक आणि कपाळ पुन्हा तेलाने चमकतं.
- नव्या फेसवॉशने पहिले आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.
- कपाळावर केसांच्या रेषेजवळ हाताला खरखरीत लागणाऱ्या बारीक पुटकुळ्या.
- हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखणारे मुरूम, विशेषतः पाळीच्या आधी.
- नाकाच्या बाजूला आणि भुवयांत पिवळसर साल, जी तेल लावलं की वाढते.
- नुसतं पाणी लागलं तरी आग, उन्हात गेलं की लालबुंद, आणि कुठलंतरी मलम थांबवलं की चेहरा एकदम फुटून येतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी सगळं सोडा आणि खाली सहाव्या तपासणीवर जा.

फेसवॉश काय करतो आणि काय करू शकत नाही

हे कळल्याशिवाय पुढच्या तपासण्या कशासाठी करायच्या तेच कळणार नाही. मुरूम तयार होतो केसाच्या नळीत. प्रत्येक नळीला तेलग्रंथी जोडलेली असते. नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, मागे तेल साचतं, तिथे कायम वस्तीला असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ते हवेने काळं पडतं, तेच ब्लॅकहेड. तो मळ नसतो, म्हणून घासून जात नाही. बूच बसल्यापासून पुळी दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. आज आलेल्या मुरुमाचा दोष कालच्या वडापावाला देऊ नका, आणि परवा आणलेल्या फेसवॉशलाही देऊ नका.

तेलग्रंथी चालतात अँड्रोजन गटाच्या हार्मोनवर. म्हणून मुरूम वयात येताना सुरू होतात. फेसवॉशचं त्या ग्रंथीपुढे काही चालत नाही. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि पाणी ओतलं की तेल, घाम, धूळ, सनस्क्रीन सगळं वाहून जातं. नको असलेलं तेल कुठलं आणि त्वचेला हवी असलेली चरबी कुठली, हा फरक मात्र त्याला कळत नाही. वरच्या थरातल्या पेशींना सांधून ठेवणारी चरबीही थोडी जाते. ती जास्त गेली की त्वचेतलं पाणी उडतं, चेहरा ओढतो, चुरचुरतो. ग्रंथी तर आपलं काम करतच असते. दोन तासांनी वर तेल आणि खाली कोरडं, अशी अवस्था होते. माणूस म्हणतो, माझी स्किन फारच ऑइली आहे, आणि आणखी कडक फेसवॉश मागतो. माझ्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पहिली तपासणी: किती वेळा धुता? (खर्च शून्य)

कळव्याची एक बारावीची मुलगी आईबरोबर आली होती. सकाळी, कॉलेजातून आल्यावर, क्लासला जाताना, क्लासहून आल्यावर आणि झोपताना, असं पाच वेळा फेसवॉश. त्यात दोनदा अक्रोडाच्या दाण्यांचा स्क्रब. तिला मी काही विकलं नाही. फेसवॉश दोनदाच, मधे वाटलं तर नुसतं पाणी, स्क्रब बंद. तीन आठवड्यांनी आली तेव्हा ओढलेपणा गेला होता. मुरूम होतेच, पण लाल चट्टे उतरल्यामुळे खरे मुरूम किती ते आता मोजता येत होते. सात-आठ होते. त्याआधी तिला आणि तिच्या आईला वाटत होतं की अख्खा चेहराच मुरुमांचा आहे.

दिवसातून दोनदा, आणि घामाने निथळून आलात तर आणखी एकदा, एवढं पुरे. मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावरून घरी पोचलात की ती तिसरी वेळ वापरा. ट्यूबमधून वाटाण्याएवढा घ्या, बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवा, साध्या किंवा कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी चरबी जास्त काढतं. जबड्याची कड आणि केसांची रेषा दोनदा धुवा, फेस तिथे राहून जातो आणि मग तिथेच खाज सुटते. टॉवेलने टिपा, पुसू नका.

घरगुती वस्तूही यातच मोजा. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच (आम्लपणाचं माप; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, आणि खाण्याचा सोडा आठच्या वर. एक भाजतो, दुसरा सगळं आम्लपण घालवतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात ते वेगळेच. मुरुमावर टूथपेस्ट लावणारे अजून येतात. पुळी सुकल्यासारखी वाटते, पण त्या जागी भाजल्याचा डाग महिनोन्महिने राहतो. दिवाळीचं उटणं चार दिवस जरूर लावा. रोज सुजलेल्या मुरुमांवर चोळण्याची ती वस्तू नाही.

हे दोन आठवडे करून बघा. ओढणं थांबलं तर दोष धुण्याच्या पद्धतीत होता आणि फेसवॉश बदलायची गरजच नाही.

दुसरी तपासणी: चेहऱ्याला आणखी काय काय लागतं?

कपाळावर केसांच्या कडेने एकसारख्या बारीक पुटकुळ्या असतील तर माझा पहिला प्रश्न असतो, "तेल कधी लावता?" आपल्याकडे रात्री खोबरेल चोपडून झोपायची सवय घरोघरी आहे. ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं आणि तिथून गालाला. एका काकूंना हे सांगितलं तर त्यांना वाईट वाटलं. "अगं, इतकी वर्षं मीच तिच्या डोक्याला तेल लावतेय." तेल बंद करायचं नाही, वेळ बदलायची. न्हाण्याआधी तासभर लावा, केस वर बांधा, शाम्पू-कंडिशनर पूर्ण धुऊन झाल्यावर सगळ्यात शेवटी चेहरा धुवा. कंडिशनरचं ओघळणारं पाणी कपाळ आणि पाठ दोन्हींना त्रास देतं. फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो, कारण आधी बसलेली बुचं निघायला तेवढा वेळ जातोच.

मुरूम हनुवटीच्या पट्ट्यातच असतील तर हेल्मेटचा पट्टा बघा. दाब, घासणं आणि घाम एकत्र आले की तिथे मुरूम उठतात. आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा. लोकलमध्ये चेहरा पुसायचा रुमाल रोज बदला. पर्समधल्या सुगंधी ओल्या वाइप्सने चेहरा पुसत असाल तर त्या वाइप्समधलं द्रव्य धुतलं न जाता दिवसभर त्वचेवर राहतं, हे लक्षात घ्या.

तिसरी तपासणी: कोरा चेहरा

सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा आणि काही लावू नका. पंखा, एसी अंगावर घेऊ नका. तासाभराने कपाळ, नाक, गाल, हनुवटी यांवर वेगवेगळा टिश्यू पेपर दाबून बघा. चारही तेलकट झाले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटीचे झाले तर मिश्र, आणि आपल्या हवेत अशी माणसं पुष्कळ दिसतात. एकही झाला नाही आणि ओढतंय, तर कोरडी. सगळीकडे तेल आहे आणि तरीही चुरचुरतंय, तर त्वचेचा वरचा थर दुखावलेला आहे. अशा चेहऱ्याला 'ऑइल कंट्रोल' लिहिलेलं काहीही लावू नका.

ही चाचणी ऑफिसच्या दिवशी करू नका. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नऊ तास एसीत बसणाऱ्या पुष्कळ जणांना मी विचारलं आहे. शनिवार-रविवारी त्यांचा चेहरा वेगळाच वागतो. त्यांची त्वचा कोरडी नसते, एसीची हवा कोरडी असते. त्यांना फेसवॉश बदलून काहीच मिळत नाही, टेबलावर ठेवलेल्या मॉइश्चरायझरने मिळतं.

चौथी तपासणी: पाणी

घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. महापालिकेचं भातसा नदीचं पाणी आणि उन्हाळ्यात येणारं टँकरचं किंवा बोअरचं पाणी यांत पुष्कळ फरक असतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो. बादलीच्या कडेला पांढरं बसतं ते तेच, आणि तेच चेहऱ्यावरही राहतं.

कासारवडवलीच्या एका मायलेकी दर एप्रिल-मेमध्ये यायच्या. एरवी ठीक, उन्हाळ्यात मात्र गाल कोरडे ठणठणीत. घामाच्या दिवसांत कोरडेपणा का, याचं मलाही कोडं होतं. मग सहज विचारलं, "केसांना शाम्पूचा फेस येतो का नीट?" दोघी एकदम म्हणाल्या, "नाही ना, आणि नळही पांढरे झालेत." सोसायटीत तेव्हा दिवसाआड टँकर येत होता.

घरी बघायचं असेल तर एका बाटलीत नळाचं आणि एकीत आरओ फिल्टरचं पाणी अर्धं भरा, दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि सारखं हलवा. नळाच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी गढूळ झालं तर पाणी जड आहे. तेव्हा चेहऱ्याला वडीचा साबण बंद करा. साबण नसलेल्या क्लेन्झरचा असा थर बसत नाही. शेवटचा हात फिल्टरच्या एका तांब्याने फिरवा आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. नवी मुंबईत मोरबे धरणाच्या पाण्यावरच्या घरांत हा त्रास मला कमी दिसला आहे, पण तिथेही सोसायटीची स्वतःची बोअर असेल तर बघून घ्या.

पाचवी तपासणी: आहे त्या ट्यूबवर काय लिहिलंय

दुकानात येताना मी लोकांना सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगते. पहिल्यांदा बघायचं की तो फेसवॉश आहे की साबण. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. घटकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या तीन-चारांत असेल तर फेस भरपूर येतो आणि चरबीही भरपूर जाते. धुतल्यावर 'चरचर' आवाज येईपर्यंत स्वच्छ वाटणं ही खूण चांगली नाही.

त्याहून जास्त वेळा सापडणारी गोष्ट म्हणजे एकावर एक रचलेली औषधं. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये सॅलिसिलिक, सीरममध्ये ग्लायकोलिक, रात्री आणखी रेटिनॉल. प्रत्येक ट्यूब एकटी ठीक, पण चारही मिळून चेहरा सोलून काढतात. आणि एक चूक अशी की डॉक्टरांनी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा ॲडापॅलीनचं जेल सुरू केलेलं असतं आणि जुना मुरुमांचा फेसवॉशही चालूच असतो. ती औषधं मुळातच त्वचा कोरडी करतात. ओठ फाटतात, गालाची सालं निघतात, आणि लोक औषधच सोडून देतात. औषध सोडू नका. फेसवॉश सौम्य घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

एक्स्पायरी बघा, बॅच नंबर आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला आहे का बघा. उघड्या डबीच्या चित्रात बारा महिने लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने, एवढंच.

सहावी तपासणी: घरात एखादं 'जादूचं' मलम आहे का?

याला पैसे लागत नाहीत, पण माणसं खरं सांगायला कचरतात, म्हणून मी हा प्रश्न एवढ्या उशिरा विचारते. आवाज खाली करून विचारते, "बाळा, गोरं व्हायला किंवा डाग जायला कुठली क्रीम लावतेस का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, मैत्रिणीने सांगितली होती," किंवा पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत मिळाली होती, किंवा घरात नायट्यासाठी आणलेली ट्यूब होती.

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टर ठरावीक आजाराला, ठरावीक दिवसांसाठी ते देतात आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. चेहऱ्यावर रोजच्या क्रीमसारखं लावलं की काय होतं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पहिले दोन-तीन आठवडे चमत्कार वाटतो. लाली जाते, पुळ्या बसतात, रंग उजळतो. लग्न ठरलेल्या मुली याच काळात ट्यूब मागायला परत येतात. मग त्वचा पातळ व्हायला लागते, गालावर लाल रेषांसारख्या रक्तवाहिन्या दिसतात, बारीक लव वाढते, आणि एकाच आकाराच्या पुळ्या एकदम उठतात. थांबवलं की आग आणि सूज, लावलं की बरं. त्या मुलीला वाटतं की फेसवॉश लागत नाही, आणि ती माझ्याकडे नवा फेसवॉश मागते.

इथे कुठलाही फेसवॉश उपयोगाचा नाही. तुमच्या मनाने मलम एकदम तोडू नका आणि चालूही ठेवू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कारण ते कसं सोडवायचं ते चेहरा बघूनच ठरतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती हातोहात फिरतात. माझ्या काउंटरवरून चिठ्ठी दाखवल्याशिवाय ती जात नाहीत, कितीही ओळख असली तरी. यावरून दोन जुनी गिऱ्हाइकं कायमची गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही. मात्र त्यातल्या एकीचा चेहरा नंतर रस्त्यात पाहिला, त्याचं वाईट वाटलं.

सातवी तपासणी: आता पैसे खर्च करा, पण दोनच वस्तूंवर

वरचं सगळं पाहून झालं आणि मलमाचा प्रश्न नसेल, तर एक सौम्य, बिनवासाचा, साबण नसलेला क्लेन्झर आणि एक हलका मॉइश्चरायझर घ्या. त्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असावं, म्हणजे केसाच्या नळीचं तोंड बुजवण्याची शक्यता कमी. तेलकट चेहऱ्याला जेलसारखा, कोरड्याला क्रीमसारखा. दोन्ही मिळून पाच-सहाशे रुपयांत होतं; यापेक्षा महागडं घेऊन जास्त काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. मॉइश्चरायझर पाणी धरून ठेवतो आणि दुखावलेला थर सांधायला मदत करतो. मुरुमांची औषधं सोसायला तोच थर लागतो. सकाळी त्यावर सनस्क्रीन, नाहीतर मुरूम गेला तरी डाग काळा होत जातो.

चार आठवडे एवढंच. त्यात काहीही मिळवू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आठवी तपासणी: औषधी फेसवॉश

चेहरा शांत झाला, ओढणं थांबलं, आणि मुरूम किंवा ब्लॅकहेड राहिलेच, तरच हे. दोन घटक कामाचे आहेत. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून नळीच्या तोंडातलं बूच सैल करतं. फेसवॉशमध्ये ते साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. ब्लॅकहेड आणि बारीक पुटकुळ्या जास्त असतील तर हे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर घेऊ नका. लाल, पू असलेले मुरूम जास्त असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणूंना मारतं आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. अडीच टक्क्यांपासून सुरुवात करा. टक्का वाढवला की फायद्यापेक्षा जळजळच जास्त वाढते. त्याने कपड्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल ठेवा; नव्या पंजाबी ड्रेसच्या गळ्यावर डाग पडल्याची तक्रार माझ्याकडे आलेली आहे.

एका वेळी एकच. पहिला आठवडा दिवसाआड रात्री, मिनिटभर ठेवून धुवायचं, सकाळी सौम्य क्लेन्झर. त्वचा कोरडी असणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदाच. आणि आठ ते बारा आठवडे वाट बघा. बूच बसण्यापासून मुरूम दिसण्यापर्यंत जो वेळ जातो, तोच इथेही मोजायचा असतो. दहा दिवसांनी फेसवॉश बदलणारा माणूस कुठल्याच फेसवॉशला काम करू देत नाही.

नववी तपासणी: हे मुरूमच आहेत का?

इथून पुढे काम अवघड होतं, कारण चेहरा सारखाच दिसतो आणि रोग वेगळा असतो.

पावसाळ्यात कपाळ, छाती, पाठ यांवर एकाच मापाच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या आणि ब्लॅकहेड एकही नाही, तर ती केसांच्या मुळांची बुरशी असू शकते. मुरुमांच्या फेसवॉशने ती हलत नाही आणि अँटिबायोटिकने उलट वाढू शकते. नाकाच्या बाजूची आणि भुवयांतली पिवळसर साल हा बहुतेक वेळा कोंड्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार असतो. लोक त्याला कोरडेपणा समजून तेल लावतात आणि तो फोफावतो. गोल, कडेने लाल चट्टा असेल तर नायटा. यांतलं काहीही काउंटरवरून ओळखून मी औषध देत नाही, तुम्हीही घेऊ नका.

आतली कारणंही असतात. जबड्याच्या कडेचे मुरूम, अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस हे तिन्ही एकत्र असतील तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनचा एक त्रास) तपासणी हवी, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. जिमला जाणाऱ्या मुलांना मी खांद्यावरचे, पाठीवरचे मुरूम विचारते. व्हे प्रोटीनने काहींचे वाढतात. आणि कुणी बॉडी बनवायला इंजेक्शनं घेत असेल तर त्यात अँड्रोजनसारखंच द्रव्य असतं, तिथे फेसवॉश काय करणार? बी-१२ची इंजेक्शनं, फिट्सची आणि टीबीची काही औषधं यांनीही मुरूम उठतात. ती औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना सांगायचं.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

त्वचेखाली दुखऱ्या गाठी, मुरूम गेल्यावर पडणारे खड्डे, किंवा घरात आईवडिलांना खड्डे राहिलेले असणं, यात बारा आठवडे वाट बघू नका. खड्डा एकदा पडला की पूर्ण भरून येणं कठीण. अचानक भयंकर मुरूम आणि सोबत ताप, सांधेदुखी असेल, किंवा पुळी दाबल्यावर नाक-डोळ्याजवळ सूज आणि ताप आला, तर त्याच दिवशी जा. गर्भवती असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर मुरुमांचं कुठलंच औषध न विचारता घेऊ नका. आयसोट्रेटिनॉइनने बाळात गंभीर व्यंग येतं, मैत्रिणीची उरलेली पट्टी तर हातातही घेऊ नका. पहिली-दुसरीतल्या मुलाला मुरूम आले तरी दाखवा. आणि मुलगा किंवा मुलगी चेहऱ्यामुळे कॉलेजला जायचं टाळत असेल, आरशात बघायचं टाळत असेल, तर मुरूम कितीही थोडे असले तरी डॉक्टरांकडे न्या. "वयाने जातील आपोआप" म्हणू नका.

पाटीवर त्वचारोग विषयातलं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाच्या पदविका) यांतलं काही आहे का बघा. नुसतं 'स्किन क्लिनिक' पुरेसं नाही. खर्चाची काळजी असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात त्वचा विभाग आहेत. वार आणि वेळ आधी विचारून घ्या. जाताना त्या सकाळी मेकअप, सनस्क्रीन काही लावू नका, साध्या पाण्याने तोंड धुवा. घरातल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घ्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या घ्या, आणि ती लपवलेली डबीही त्याच पिशवीत टाका.